तीन बाटल्यांची एक बाटली

देवापुढे निरांजन लावताना माणूस मनातल्या मनात बरंच काही कबूल करतं. मी तिथेही हे कधी बोलले नाही. सहा वर्षं झाली. लेकीला सांगितलं नाही, बहिणीला नाही — मग तुम्हाला कशी सांगते आहे? कदाचित तुम्ही माझ्याकडे काकू म्हणून, भली बाई म्हणून बघत नाही, एवढ्यासाठीच. इथे सगळे तसंच बघतात.

मांजलपूरला आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला एक खोली आहे. माझे यजमान गेले तेव्हा त्यांचा वॉकर, कमोडची खुर्ची आणि हवेची गादी मी तिथे ठेवली, ज्याला लागेल त्यानं न्यावी म्हणून. पुढे रीतच पडली. घरातलं माणूस गेलं, की तेरावं आटोपून लोक त्याच्या वस्तू माझ्याकडे आणून द्यायचे. वाफेचं मशीन, चाकाची खुर्ची, बेडपॅन, साखर तपासायचं मशीन आणि त्याच्या उरलेल्या स्ट्रिप्स. गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाचं तरी भलं होतंय, हे त्यांना बरं वाटायचं. आणि मला? मला तर फारच बरं वाटायचं.

कारण मला त्यातलं कळायचं, हं! वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत हवी. हवेच्या गादीवर जाड रजई घातली तर तिचा उपयोग शून्य. काखेत थर्मामीटर लावायचा तर आधी घाम पुसायचा. वाफेचा मास्क न धुता परत आणला तर मी माणसाला दारातच उभं करून झापायचे, मग तो कितीही मोठा साहेब असो. डॉक्टर सांगतील ते एकवेळ विसरतील, पण काकूंचं विसरणार नाहीत, असं लोक म्हणायचे. अप्पा तर मला डॉक्टरीणबाईच म्हणत.

अप्पा समोरच्या विंगमधले. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, जिभेनं तिखट, मनानं साफ. त्यांना रोज इन्सुलिन लागायचं. मुलगा बाजव्याला रिफायनरीत पाळीवर, बायको गुडघ्यांनी खुर्चीला खिळलेली, म्हणून सगळं करायची ती सून — वर्षा, इथेच वाढलेली, मराठीत निम्मं गुजराती मिसळून बोलणारी. बोट टोचायचं, मशीनवर आकडा बघायचा, आकड्याप्रमाणे इन्सुलिन किती द्यायचं याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवलेला, त्यात बघून तेवढं द्यायचं. त्यांचं मशीन आणि स्ट्रिप्स माझ्याकडून जायच्या.

आता बाटल्यांचं सांगते.

स्ट्रिप्स छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन घरांतून तीन अर्धवट बाटल्या आल्या, एकाच जातीच्या मशीनच्या. एकीची तारीख उलटून गेली होती. दुसरीचं झाकण कुणी नीट लावलंच नव्हतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर पापडसुद्धा दोन दिवसांत मऊ पडतो. मी काय केलं? तिन्ही एकत्र केल्या. जिची तारीख सगळ्यात लांबची होती, तिच्यात बाकीच्या ओतल्या. डब्यात तूरडाळ थोडी उरली की वरून नवी ओततो ना, तशी. वाया घालवायचं नाही, जुनं आधी संपवायचं — याच शिस्तीवर तर माझा संसार उभा राहिला.

बाटलीवर लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाटलीतल्या स्ट्रिप्स यात घालू नका. मी ते वाचलं होतं. मी सगळंच वाचते. आणि कपाटात वरच्या खणात एक सीलबंद नवी बाटली होती — ती मी राखून ठेवली, आणि ही अप्पांकडे पाठवली.

पण एवढंच असतं तर मी कधीच बोलले असते, असं मला वाटतं. चूक कुणाची होत नाही?

दोन दिवसांनी वर्षा दारात आली. हातात ती बाटली. म्हणाली, “काकू, जरा बघा ने, या स्ट्रिप्स बरोबर आहेत ने? पप्पांचा आकडा एकदम लई वर येतोय. त्यांनी तर काही गोड खाधलंपण नाही.”

तेव्हा माझ्यासमोर चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर माझ्या स्ट्रिप्सवर शंका? मी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, “आंबा-केळं चिरून तशाच हातानं त्यांचं बोट धरत असशील. आधी साबणानं हात धुवायला शीक, आकडा आपोआप खाली येईल.”

फळाचा गोडवा बोटाला लागला तर आकडा वर येतो, हे खरंच आहे. म्हणून तर ते इतकं शोभलं. बायका हसल्या. वर्षा लाजली, “सॉरी काकू” म्हणाली आणि परत गेली. त्याच वेळी हात पुढे करून बाटली मागून घेतली असती तर? नवी होती ना कपाटात. दहा पावलांवर कपाट होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हात साबणानं धुतले, अप्पांचेही धुतले. मशीननं पुन्हा मोठा आकडा दाखवला. तिनं कागदात बघितलं आणि तेवढं इन्सुलिन दिलं. अप्पा जेवले, आडवे झाले. चहाला उठवायला गेली तर अंग घामानं भिजलेलं, डोळे उघडेनात. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पार तळाला गेली होती. अकरा दिवस ते तसेच पडून होते, मग गेले.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, स्ट्रिप्स नीट होत्या ना? अप्पांचा मुलगा म्हणाला, “हो, काकूंकडच्या आहेत.” तिथे तो प्रश्न संपला. मी तिथेच उभी होते.

आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी बोलले — “पोरगी घाईत असते बिचारी. दोनदा दिलं गेलं असेल.”

बिचारी! हा शब्दही मी घातला. हळहळत, डोक्यावर पदर ओढून.

संध्याकाळी मदतीच्या नावाखाली मी त्यांच्या घरी गेले आणि मशीन अन् ती बाटली उचलून आणली. घरी दार लावून स्वतःचं बोट टोचलं. दोनशे अठ्ठ्याण्णव. मला साखर नाही. मग वरच्या खणातली नवी बाटली फोडली, पुन्हा टोचलं. एकशे बारा. तिसऱ्यांदा टोचलं, चौथ्यांदा टोचलं. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून मी स्वतःच्या हातानं टाकली. त्यानंतरही अप्पा दहा दिवस जिवंत होते, आणि त्या दहा दिवसांत मी रोज डबा घेऊन दवाखान्यात गेले.

माझं एक वाक्य त्या घरात राहायला गेलं. सासूनं वर्षाच्या हातचं औषध घेणं बंद केलं. नवरा वाईट बोलत नाही, पण तापात पोराला सिरप पाजायचं असलं तरी बाटली स्वतःकडे घेतो. नातेवाइकांत तिची ओळख करून देताना लोक आवाज खाली आणतात. मी हे सगळं बघते. समोरच तर राहते.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडे येऊन बसली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, “काकू, इतकी वर्षं मी म्हणत होते की मी एकदाच दिलं. पण हवे, आता मला आठवतंय. पप्पांनी बनियन वर धरलेलं, मी दुसऱ्यांदा सुई टोचली. चोख्खं दिसतंय मला. तुम्ही तेव्हाच बरोबर बोलला होतात.”

ती दुसरी सुई कधी नव्हतीच. ते या जगात फक्त मला माहीत आहे.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “होतं गं असं. जाऊ दे आता.”