भुऱ्याचे पानगे

परवा इथं धाराशिवच्या घरी आम्ही कुत्र्यासाठी बिस्किटं भाजली. नातीच्या कुत्र्याचं पोट बिघडलं होतं आणि डॉक्टरनं त्याला लाल भोपळा द्यायला सांगितलं होतं. तिनं मोबाईलवर रेसिपी शोधली... उकडलेला भोपळा, गव्हाचं पीठ, मीठ नाही, साखर नाही.

ओव्हन तापत ठेवला, भोपळा ओट्यावर घेतला, तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. अख्खा भोपळा बाईनं चिरू नये, पहिला काप पुरुषाचा, तुमच्या मुलाला बोलवा म्हणाल्या. नात हसायला लागली. मला काही हसू आलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आम्ही ईट या गावी राहायचो. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, आणि वडील, म्हणजे अण्णा, तिथल्या शाळेत मास्तर होते.

अण्णांचा एक कुत्रा होता, भुऱ्या. म्हातारा झालेला, दात गेलेले, भाकरीचा पापुद्रासुद्धा चाववायचा नाही त्याला. म्हणून अण्णांनी त्याच्यासाठी एक युक्ती काढली होती. भोपळा उकडून पिठात मळायचा, पळसाच्या दोन पानांमध्ये थापायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. मऊ, पिवळे पानगे. ते तळहातावर ठेवून अण्णा त्याला भरवायचे. आई करवादायची, की माणसांना नाहीत एवढे लाड कुत्र्याचे. पण पीठ तीच मळून द्यायची.

त्या वर्षी अण्णा गेले. तीन दिवसांच्या तापात.

भुऱ्यानं खाणं सोडलं. दिवसभर शाळेच्या पायरीवर जाऊन पडायचा, संध्याकाळी परत यायचा. आईनं दुधात भाकरी कुस्करून दिली, वर तूप घातलं, तरी तोंड फिरवायचा. आठवडाभरात त्याच्या फासळ्या मोजता यायला लागल्या. नंतर तर शाळेपर्यंत जायचंही त्राण राहिलं नाही... दाराशीच पडून राहायचा.

आणि घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, भोपळा पिकून तयार होता. अण्णांनीच लावलेला वेल. पानग्यांना भुऱ्या तोंड लावेल असं आईला वाटत होतं, मलाही वाटत होतं. पण भोपळा कापायचा कुणी?

आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला पहिला काप घरच्या पुरुषानं द्यायचा. मग पुढचं बाईनं विळीवर चिरायचं. बाईनं पहिला काप दिला तर घरच्या कर्त्या माणसावर संकट येतं म्हणायचे. दरवर्षी अण्णा विळा मारून दोन फाका करून द्यायचे, आणि आई पुढं बसायची.

शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, की परका पुरुष चालत नाही, दिरालाच बोलवा. आईनं मुरुम गावी अण्णांच्या भावाला, माझ्या काकांना, पत्र टाकलं. काकांचं उत्तर आलं... सुगी उरकली की येतो. सुगी उरकायला महिना होता. भुऱ्याकडं आठ दिवससुद्धा नव्हते, हे मला पोरीला कळत होतं.

पत्र मीच वाचून दाखवलं. आईनं ते घडी करून देवळीत ठेवलं. थोडा वेळ दाराशी जाऊन भुऱ्याकडं बघत उभी राहिली. मग माळवदावर चढली, भोपळा काढून आणला आणि कोनाड्यातला अण्णांचा विळा घेतला.

मी घाबरले. संकट येतं ना गं, म्हणाले.

"कर्त्या माणसावर येतं म्हणतेत," आई म्हणाली. "कर्ता माणूस तर गेला. आता कर्ती मीच. यायचं ते माझ्यावर येऊ दे."

तिनं विळा उचलला. तो उचललेला हात मला आजही दिसतो. मग विळा तिनं खाली घेतला आणि मला जवळ बोलावलं.

"ये, तूबी हात लाव. उद्या तुला कुणाची वाट बघायला नको."

आम्ही दोघींनी मिळून तो भोपळा फोडला.

पानगे झाले. आईनं एक निववून अण्णांसारखा तळहातावर धरला. भुऱ्या बराच वेळ नुसता हुंगत राहिला... मग खाल्ला. सगळा. नंतर तिचा हात चाटत राहिला. आणि अण्णा गेल्यापासून आमच्यासमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई उंबऱ्यात बसून मोठ्यानं रडली.

शेजारच्या काकूंना कळलं तेव्हा त्या महिनाभर आमच्याकडं पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. सुगीनंतर काका आले. भोपळा कधी कापला ते त्यांनी विचारलं नाही, आईनंही सांगितलं नाही.

मी मात्र भ्याले होते. आईला काहीतरी होईल या धास्तीनं कित्येक दिवस शाळा सुटली की धावत घरी यायचे. आई चुलीपुढं दिसली की दप्तर टाकायचे. असं किती दिवस चाललं देव जाणे... भुऱ्या पुढं दोन वर्षं जगला, आणि आई चांगली म्हातारी होऊन गेली.

तर परवा मुलगा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. मी काही त्याला हाक मारली नाही. सुरी नातीच्या हातात दिली आणि तिच्या हातावर माझा हात ठेवला. आजी, मला येतंय की कापायला, म्हणाली ती. म्हटलं, माहितेय गं... तरी राहू दे.

बिस्किटं जरा करपली. कुत्र्यानं तरी सगळी खाल्ली.

आई, त्या दिवशी विळ्याला माझा हात लावून घेतलास. त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही मी, म्हणून आज इथं लिहिलं.