हंगाम संपेपर्यंत

सीट मागे टाकून मी डोळे मिटते. झोप येत नाही, नुसती अंगात जडता येते. गाडीच्या काचा अर्ध्या खाली आहेत आणि उंच देवदारांतून दुपारचं ऊन मांडीवर हलतंय. खाली, दगडगोट्यांच्या पलीकडे, माझा नवरा हर्षद गुडघाभर पाण्यात उभा राहून गळ टाकतोय. रीळ फिरल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. दर वेळी वाटतं, आता डोळा लागेल. आणि दर वेळी माझा उजवा हात आपोआप डाव्या काखेखाली जातो.

तिथे गाठ आहे. वाटाण्याएवढी, घट्ट, दाबली तरी सरकत नाही. अंघोळ करताना हाताला लागली. अजून कुणाला सांगितलेलं नाही. आमची मुलगी ईशा पुढच्या रविवारी टोरांटोला कॉलेजला जायची आहे, तिच्या बॅगा हॉलभर पसरल्यात. ती गेली की डॉक्टरांना फोन करायचा, असं मी स्वतःशी ठरवून टाकलंय.

फेब्रुवारीत आई अशाच गाठीने गेली.

ही नदी खरं तर आईची. वेडर नदी, कॅनडातल्या सरे शहरातल्या आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. उन्हाळा संपत आला की समुद्रातून सॅमन मासे या नदीत वर चढायला लागतात. बाबा गेल्यावर आई रत्नागिरीहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा इथल्या दुकानातली मासळी पाहून तिने तोंडच फिरवलं होतं. "मेलेलं ते मेलेलं, वर प्लास्टिकात गुंडाळलेलं," म्हणायची. मग शेजारचे गुरमेलकाका तिला एकदा नदीवर घेऊन गेले. आधी ती डबा घेऊन काठावर बसायची. पुढच्या वर्षी तिच्या हातात गळाची काठी आली. पंजाबी ड्रेसखाली गमबूट, डोक्याला स्कार्फ, आणि तिच्या हिंदीचं काकांच्या पंजाबीशी दिवसभर भांडण. संध्याकाळी घरात तिरफळाचा वास सुटायचा. "बांगड्याची सर नाही याला," सॅमनचं कालवण वाढताना ती म्हणायची, "पण ताजा आहे हो."

यंदा कुणी नदीचं नाव काढत नव्हतं. आज हर्षदच म्हणाला, आईंची काठी गॅरेजमध्ये पडून आहे, निदान एकदा जाऊन येऊ. मी आले. पण गाडीतून उतरायला पाय होईना.

रीळ फिरतं. थांबतं.

माझ्या बाजूचं दार उघडं आहे आणि आई एका पायावर उभी राहून गमबुटातला खडा झटकतेय.

"झोपलीस काय गो?"

"नाही."

"मग चल. पाणी उतरतंय."

मला नवल वाटत नाही. राग येतो तो एवढाच, की ती स्वेटर न घालता आलीये. मी मागोमाग निघते. गोटे तापलेत, मग गार लागतात, मग पायाखाली बर्फाचा चुरा करकरतो. दोन्ही बाजूंना टोपल्या आहेत, लिलावाचा आरडाओरडा आहे, डोक्यावर पक्षी ओरडतायत. रत्नागिरीतलं मिरकरवाड्याचं बंदर. टोपल्यांच्या मधून नदी वाहतेय, घोट्याएवढी, आणि मासे विकणाऱ्या बाया लुगडी वर खोचून तशाच पाण्यात बसल्यात.

"वाट द्या गो, माझी लेक आलीये कॅनडातनं," आई सांगत सुटते. कुणी मान वर करत नाही.

"आई, आपण वेडरवर होतो ना?"

"मग? खाली बघ की."

खाली बघते तर गुळगुळीत करडे गोटे. वर बघते तर छतावर ट्यूबलाइट. नारिंगी खुर्च्यांची रांग, भिंतीवर नंबर दाखवणारी पाटी. ही जागा मला पाठ आहे, इथे आम्ही डिसेंबरभर बसायचो. खुर्च्यांखालून पाणी वाहतंय. आई मधल्या खुर्चीवर बसलीये, अंगात हॉस्पिटलचा मागून बांधायचा झगा, पायात गमबूट, आणि लांब कॉरिडॉरमध्ये ती गळ टाकतेय.

"इथे नको ना, लोक आहेत."

"त्यांना कळत नाही. बस."

मी बसते. पाटीवरचे आकडे बदलतात, आमचा येत नाही.

"आई, तू सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"तुला जूनमध्ये कळलं होतं. डॉक्टरांपाशी तू स्वतः कबूल केलंस. आम्हाला दिवाळी झाल्यावर सांगितलंस."

ती दोरीवरची नजर हलवत नाही. "तेव्हा सांगितलं असतं तर तू माझी नदी बंद केली असतीस. घरात बसवून सूप पाजलं असतंस. म्हटलं, हंगाम संपेपर्यंत काय होतंय?"

"आणि मग?"

"मग काय. हंगाम संपला." ती रीळ थोडं गुंडाळते. "बरा झाला हो हंगाम."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटतं. "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं तर." आता पहिल्यांदा ती माझ्याकडे वळते. तिचा चेहरा शेवटच्या दिवसांतला नाही, गालांवर मांस आहे. "एवढी काय घाई नव्हती मला, बाय. ईशाला कालवण शिकवायचं राहिलं. गुरमेलभाईंशी बोलणं अर्ध्यावर राहिलं. आणखी दोन-तीन वर्षं सहज काढली असती मी."

मला वाटलं होतं, ती माझी समजूत घालेल. ती घालत नाही.

तेवढ्यात काठी वाकते. आई काठी माझ्या हातात कोंबते आणि आम्ही दोघी उभ्या. भिंती नाहीत, खुर्च्या नाहीत, कमरेएवढी नदी आहे आणि तिची ओढ पायांखालचे गोटे काढून घेतेय. मासा जोरात धावतो. रीळ किंचाळतं. आई माझ्या पुढे, आणखी खोल पाण्यात शिरतेय.

"आई, मागे ये! वाहून जाशील!"

"तू दोरी बघ. ताण सोडू नको. हां, आता ओढ."

मी ओढते. पाण्यात काहीतरी रुपेरी उलटतं, पुन्हा बुडतं, पुन्हा वर येतं. आई दोन्ही हातांनी त्याला धरते, आडवा करते आणि पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, अंगठा फिरवते. तिथे पंखासारखा एक छोटासा पर असतो. सरकारी तळ्यात वाढवलेल्या माशांचा तो पर आधीच कापलेला असतो, ते घरी नेता येतात. नदीत जन्मलेल्या माशाचा शाबूत असतो, तो सोडून द्यावा लागतो. हे मला तिनेच शिकवलंय.

"आहे पर. सोडायचा."

"एवढा मोठा? इथे कोण बघतंय?"

"गुरमेलभाई बघतायत," ती म्हणते आणि हसते. काठावर कुणी नाही.

ती माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात नुसतं धरून ठेवते. कल्ले उघडतात, मिटतात. "दमलाय. श्वास घेऊ दे," ती पुटपुटते. मग मासा तिच्या हातांतून निघून जातो. आई हात न पुसता माझ्यापुढे येऊन उभी राहते.

"आता तुझं सांग. तुझा कसला हंगाम चाललाय?"

"माझा कुठला हंगाम?"

"मला फसवतेस? दर घडीला हात जातोय तुझा."

पाणी फार जोरात वाहतंय. मला ओरडून बोलावं लागतं. "ईशा जाऊ दे ना! रविवारी जातेय ती. मग करते फोन."

"मग हर्षदची ड्युटी बदलेल. मग गणपती. मग दिवाळी. सगळं ठाऊक आहे मला, मी करून बसलेय."

"आणि खरंच काही निघालं तर? तिचं कॉलेज, घर..."

"निघालं तर निघालं. लवकर निघू दे." ती आपला ओला पंजा उचलते आणि माझ्या काखेखाली ठेवते. इतका गार, की माझ्या तोंडून किंकाळी फुटते.

"हितंच ना?"

"हो."

"मग सांग त्याला."

"कुणाला?"

दगडावर दगड आपटतोय. टक, टक. आईच्या मागे ऊन इतकं चकाकतं की ती दिसत नाही.

टक, टक. हर्षद गाडीच्या टपावर बोटं वाजवतोय.

"प्रणू, चहा उरलाय का? एकसुद्धा मासा नाही लागला. सकाळपासून साधा झटकासुद्धा नाही." तो खिडकीतून आत वाकतो आणि थबकतो. "हे काय सांडलंस अंगावर?"

मी खाली बघते. माझा फिकट निळा शर्ट डाव्या काखेखाली ओला आहे. सांडल्यासारखा पसरट डाग नाही. तळवा आहे, चार बोटं आहेत, पुढच्या बाजूला अंगठा आहे.

हर्षद हात लावून बघतो. "केवढं गार आहे हे."

त्याने हात काढून घ्यायच्या आत मी तो धरते आणि तिथेच दाबून ठेवते.

"हर्षद, इथे गाठ आहे."

त्याच्या दुसऱ्या हातात काठी आहे. ती तो हळूच गोट्यांवर आडवी ठेवतो, रीळ वाळूत जातं तरी त्याचं लक्ष नाही.

"कधीपासून?"

मी सांगते. ईशाला कळू द्यायचं नव्हतं, हेही सांगते. तो ऐकतो, मग खिशातून फोन काढतो. इथे दरीत रेंज नसते. तो हात उंच करून बघतो, दोन पावलं सरकून बघतो.

"वरच्या रस्त्याला लागू. आज शनिवार आहे, पण कुणीतरी फोन उचलेलच," तो म्हणतो. गमबूटही न काढता तो गाडीत बसतो.

किल्ली फिरवायला तो हात पुढे करतो आणि मधेच थांबतो. मी दाबून ठेवलेला तोच तळहात उजेडाकडे धरून बघतो, मग मला दाखवतो. मधोमध माशाचा एक खवला चिकटलाय, नखाएवढा, अजून ओला.