विस्टेरियाचं आळं

माघ सरताना हिंडलगा गावच्या शिवारातून कापलेल्या मसुरीचा कोरडा, धुरळट वास येई, आणि आमच्या परसातल्या विस्टेरियाच्या निष्पर्ण, पिळदार फांद्यांवर कोवळी रुपेरी लव फुटे. ही जपानी वेल माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, लावली होती. गोऱ्या फौजेच्या कॅम्पातल्या एका बंगल्याची बाग तो राखत असे; विलायतेला परतताना तिथल्या मडमेने मुळं धरलेली एक फांदी त्याला दिली. जांभळ्या फुलांचे हातभर घोस लोंबतात, म्हणे. इतके दाट, की खाली उभं राहिलं तर उन्हाचा रंगच पालटतो. आम्ही कुणीच ते पाहिलं नव्हतं. अण्णाने विहिरीलगत मांडव घातला आणि एकही फूल येण्याआधी तो पलटणीत भरती होऊन सिंगापूरला गेला. सिंगापूर पडलं. तो जपान्यांच्या कैदेत असल्याचं कळलं. पुढे काहीच कळेना.

"त्येंच्या मुलखाची येल हाय. तोडून टाका," आई म्हणाली.

आप्पा, माझे वडील, मांडवाकडे गेले. "पोरानं लावलीया ती," एवढंच बोलून ते बादली घेऊन विहिरीकडे वळले.

उन्हाळ्यात आमचं भाजीचं माळवं करपलं, तरी वेलीचं आळं ओलं राही. वेल माजली, वाशांना विळखे घालून तिने मांडव वाकवला, शेजारच्या पेरूचा गळा आवळला. कळी मात्र धरली नाही. आमच्याकडची थंडी तिला पुरत नसावी. आप्पांनी मनाशी काय खूणगाठ बांधली होती ते कधी बोलून दाखवलं नाही. पण दर फाल्गुनात ते एकेक कोंब बोटांनी चाचपत, आणि त्यातून पानच उलगडलं की त्या दिवशी जेवत नसत.

लढाई संपली. अण्णाबरोबर कैदेत असलेला उचगावचा एक शिपाई दारात उभा राहिला. आईकडे न बघता त्याने सांगितलं, "अण्णा तापानं गेला. लई दिस झालं. मीच माती दिली."

आई जागच्या जागी बसली. आप्पांनी त्याला हाताला धरून परसात नेलं.

"हिची फुलं तितं कुटं बघितलास काय रं?"

शिपाई गोंधळला. "न्हाय, आप्पा. आमी नुस्तं भाताकडं बघत हुतो."

त्या दिवसापासून आप्पांनी वेलीला पाणी घातलं नाही. पुढचा उन्हाळा कडक गेला, आळ्यातली माती भेगाळली, पेरू वाळून काष्ठ झाला. वेलही जाईल, आणि घरातलं हे ताटकळणं एकदाचं संपेल, अशी मी वाट बघत होते. ती हिरवीच राहिली.

एका दुपारी आप्पा विहिरीच्या कठड्यावर वाकलेले दिसले. मी धावत गेले. खाली दगडांच्या सांध्यांतून बाहेर पडलेली वेलीची मुळं पाण्यात सुटली होती, दाट, केसांसारखी.

"आपुन घातल्यालं पानी हिला लागतच नव्हतं, गं," ते म्हणाले.

मी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. ते निमूट आले. त्या हातात जराही विरोध नव्हता, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.