उसनी हाक

त्याला सगळे भोंग्या म्हणत, तेही तोंडावर, आणि तो खुशाल ओ देत असे. हे नाव तोडीच्या टोळीनं ठेवलं होतं. डोंगरउतारावरची मोठी झाडं पडत होती तेव्हाची गोष्ट. टोळीत कुणी करवत धरी, कुणी दोर ओढी, कुणी फांद्या छाटी. याचं काम फक्त ओरडायचं. झाड कलायला लागलं की हा "आलं रेऽऽ" अशी आरोळी ठोकी आणि खालच्या माणसांना पळायला सवड मिळे. त्या उतारावर एकही माणूस झाडाखाली सापडला नाही, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे. त्याची बायको मात्र म्हणायची, "अक्कल वाटत होते तेव्हा हे कुठंतरी ओरडत उभे असणार."

पुढे तोड थांबली. उतार धसायला लागला होता, ओढ्याला गढूळ पाणी येत होतं, आणि गावानं एकदाचं ठरवलं की उरलेलं जंगल राखायचं. पण राखायचं म्हणजे खायचं काय? आरागिरणी बंद पडली तशी अर्धं गाव घरी बसलं. तेव्हा वनखात्याच्या मॅडमनी सुचवलं, की तुमच्या जंगलात धनेश पक्षी आहे, तो बघायला लोक लांबून येतात, त्यांची राहायची सोय करा. गावानं गेस्टहाऊस बांधलं, झाडीत मचाण बांधलं, आणि सभेत ठराव झाला: पाहुणे येताहेत तोवर गिरणी बंद. पाहुणे आटले, की गिरणीच्या मालकाला होकार. मालकही काही दूर गेला नव्हता. गिरणीच्या दाराला कुलूप होतं, पण आतल्या करवतीला तो अधूनमधून येऊन तेल घालून जात असे.

भोंग्या वाटाड्या झाला. ज्या वाटांनी तो झाडं पाडायला जायचा त्याच वाटांनी आता लोकांना झाडं दाखवायला जाऊ लागला. त्याची मुलगी गेस्टहाऊसचा स्वयंपाक बघे, बायको चादरी धुई आणि जावई जीप चालवी. जावयाला हे जंगल राखणं फारसं पटलेलं नव्हतं. त्याचा हात यंत्रावर बसलेला, गिरणीत त्याला मिस्त्रीची जागा मिळणार होती. तो सभेत उघड म्हणे, "जीप महिन्यातून चार वेळा निघते. बाकीचे दिवस मी काय तिला आंघोळ घालू?"

आणि पहिल्या वर्षी तो म्हणत होता त्यात काही खोटं नव्हतं. पाहुणे येत, मचाणावर बसून डास मारत, आणि धनेश न बघता तोंड वाकडं करून परत जात. एका सभेत जावई सासऱ्याकडे बघून बोलून गेला, "पक्षी काय आपला नोकर आहे, मामा, हाक मारली की यायला?"

सगळे हसले. भोंग्याला ते हसणं झोंबलं. तो ताडकन उठला आणि म्हणाला, "येईल. मी हाक मारली की येईल. एकही पाहुणा पक्षी न बघता जाणार नाही, हा माझा शब्द." शब्द दिला आणि खाली बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की तो पाळायचा कसा हे आपल्याला माहीत आहे.

झालं होतं असं. तोडीच्या दिवसांत एकदा पडलेल्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी जिवंत सापडली होती. या पक्ष्यांची रीतच वेगळी. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि तोंड मातीनं लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. तेवढे सगळे दिवस नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. तो आला नाही तर ती आणि पिल्लू दोघंही उपाशी. अशी ती बिनपिसांची मादी भोंग्यानं सदऱ्यात गुंडाळून घरी आणली, आणि त्याच्या बायकोनं ओसरीवर ठेवून उंबरं भरवून जगवली. भूक लागली की ती एक चिरकी, तुटक हाक देई. भोंग्यानं ती हाक हुबेहूब उचलली. बायकोला छळायला तो परसात लपून तसा ओरडे आणि ती बिचारी उंबर घेऊन धावत येई. मग घरभर शिव्यांचा भडिमार होई. मादीला पिसं आली, ती उडून गेली. हाक तेवढी भोंग्याच्या गळ्यात राहिली.

घरट्यांचे दिवस होते. सभेनंतरच्या सकाळी मचाणावर एक वयस्कर पाहुण्या बाई आणि त्यांचे यजमान होते. भोंग्यानं तोंडाशी हात धरले आणि ती हाक दिली. थोड्याच वेळात पंखांचा तो भसभस आवाज आला आणि नर समोरच्या फांदीवर उतरला. गळ्यात साठवलेलं उंबर त्यानं चोचीच्या टोकाशी आणलं, मान पुढे केली आणि तसाच थांबला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे काय करतोय तो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला देतोय," भोंग्या म्हणाला. त्याला हे त्या क्षणी सुचलं होतं, आणि आपल्या हुशारीवर तो खूश झाला.

त्या बाईंनी फोटो सगळीकडे पाठवले आणि पाहुण्यांची रीघ लागली. जीपला दम खायला सवड मिळेना. मुलीनं हाताखाली आणखी दोघी घेतल्या. गिरणीचा मालक तेल घालायला यायचा बंद झाला. गावातली माणसं भोंग्याला रस्त्यात थांबवून पाठीवर थाप मारायची, आणि तो छाती काढून चालायचा. कित्येक वर्षांत त्याला कुणी असं चालताना पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तो बघायचा टाळत असे. उंबर पुढे करून नर बराच वेळ थांबायचा. कुणी घेत नाही म्हटल्यावर इकडेतिकडे बघायचा, पुन्हा पुढे करायचा. कधी ते गिळून टाकायचा, कधी ते खाली पडायचं. तेवढ्या वेळात भोंग्या पाहुण्यांना दुसरीकडे काहीतरी दाखवायचा, एखादं फूल, एखादी वेल. आपण मान वळवतो आहोत हे त्याला कळत होतं. पक्ष्याला दिवसभर दुसरं काम काय आहे, एखादं उंबर इकडे गेलं तर काय बिघडतंय, असं तो मनाला बजावायचा. आधी तो सकाळी एकदाच हाक द्यायचा. मग दुपारच्या पाहुण्यांसाठी एकदा, मग ज्यांचा फोटो हलला त्यांच्यासाठी पुन्हा.

एकदा बायको मचाणावर चहा घेऊन आली आणि तिनं ती हाक ऐकली. पाहुण्यांसमोर ती काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ती तर भुकेची हाक."

"म्हणून तर येतो तो," भोंग्या म्हणाला आणि हसला. ती हसली नाही. आपण काय बोललो हे त्यालाही ऐकू आलं, आणि त्याचे कान तापले. पण दुसऱ्या दिवशी मोठी गाडी भरून पाहुणे येणार होते.

त्या नराची मादी सापडली ती बायकोलाच. ओढ्यावर चादरी धुवायला जाताना तिच्या ढोलीच्या झाडाखाली ती बसलेली दिसली, अर्धवट पिसांची, छातीचं हाड वर आलेली. ढोलीचं लिंपण फुटलं होतं. मॅडम शिडी लावून वर चढल्या आणि बराच वेळ खाली उतरल्या नाहीत. पिल्लू आत मरून पडलं होतं. लिंपण आतून फुटलं की बाहेरून, असं कुणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही.

गावाला मात्र लगेच खात्री पटली. गिरणी कुणाला हवी होती? जावयाला. त्या वाटेनं जीप घेऊन रोज कोण जातं? जावई. पाहुणे तुटावेत म्हणून यानंच काठी घालून घरटं मोडलं. संध्याकाळपर्यंत जीपची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात सभा ठरली. त्याला गावाच्या कामातून कायमचं काढायचं असं बोललं जात होतं.

मुलगी धावत बापाकडे आली. "बाबा, तुमचे जावई असं करणार नाहीत हो. भांडतील, पण असं नाही करणार. तुम्ही बोला ना. तुमचं सगळे ऐकतात."

"बघू," भोंग्या म्हणाला.

बघू! एवढ्या मोठ्या गळ्यातून एवढुसा शब्द निघाला. मुलगी आल्या पावली निघून गेली. बायको कोपऱ्यात मादीला उंबराचा गर भरवत होती. मॅडमनीच ती मादी तिच्या हवाली केली होती. बायको न वळता म्हणाली, "ही आत बसून मागत होती आणि तुम्ही बाहेर हिच्याच आवाजात मागत होतात. त्यानं तरी कुणाचं ऐकावं?" भोंग्याला वाटलं जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. त्यानं जेवणाला हात लावला नाही. पण जावयाच्या घरीही तो गेला नाही, आणि हीच गोष्ट त्याला नंतर सगळ्यात जास्त लागली.

सभेत जावई एका बाजूला उभा होता. तो एकदाच बोलला, "मी केलं नाही." कुणी काही ऐकून घेतलं नाही. भोंग्यानं दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोनदा बसला. त्याच्या डोळ्यांसमोर ती पाठीवरची थाप येत होती. आता सांगितलं तर ती संपली, हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि जावयाचं घर बुडत असताना आपण आपल्या थापेचा विचार करतोय याची त्याला किळस आली. तिसऱ्यांदा तो उठला.

"त्यानं नाही केलं. मी केलं," तो म्हणाला. "मी रोज मादीच्या आवाजात नराला बोलवत होतो. तिच्यासाठी आणलेलं उंबर तो मला द्यायचा. ती उपाशी राहिली, म्हणून लिंपण फोडून बाहेर आली. पिल्लू माझ्यामुळे मेलं."

 मग सरपंच उठले, त्याच्याजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "बघा. सासरा असावा तर असा. जावयाचं पाप डोक्यावर घ्यायला निघालाय."

"नाही हो, खरंच सांगतोय..."

"बस, बस. तुमचं मन मोठं आहे, ते गावाला माहीत आहे. तुमच्या हाकेला पक्षी येतो ती तुमची कला. तिच्यामुळे गाव जेवतंय."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली. म्हातारी माणसं त्याच्याकडे कौतुकानं बघत होती, आणि तिकडे जावयाला दोघांनी हाताला धरून बाहेर न्यायला सुरुवात केली होती. आजवर भोंग्याला न मागता जेवढी वाहवा मिळाली होती, ती सगळी त्या घटकेला घशात अडकली. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यानं तोंडाशी हात धरले.

त्याला ती हाक पुन्हा द्यायची नव्हती. काल रात्री त्यानं तशी शपथच घेतली होती. पण शब्दांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, आणि दुसरं त्याच्याकडे काही नव्हतं. पटांगणाच्या कडेला जिथून जंगल सुरू होतं तिकडे वळून त्यानं हाक दिली, चिरकी, तुटक, भुकेली. एकदा आणि पुन्हा एकदा.

पंखांचा आवाज आला. नर झाडीतून बाहेर आला, सरळ त्याच्या डोक्यावरून, आणि शाळेच्या कुंपणापाशी वाळक्या फांदीवर बसला. पटांगणात सगळं गाव होतं, तरी तो बिचकला नाही. गळ्यातून एक उंबर वर काढून त्यानं चोचीच्या टोकाशी धरलं आणि मान पुढे केली, भोंग्याकडे. थांबला. कुणी घेईना. त्यानं ते गिळलं, दुसरं काढलं, पुन्हा पुढे केलं.

शेजारच्या गेस्टहाऊसच्या कठड्यापाशी उभे असलेले दोन पाहुणे "वा!" म्हणून टाळ्या पिटू लागले. गावातलं कुणी टाळी वाजवली नाही. सरपंचांनी भोंग्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. जावयाला धरणाऱ्यांनी त्याचा हात सोडला. तो चालत भोंग्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मामा, पुरे. सांगा त्याला जायला."

नर तिसरं उंबर पुढे करून थांबला होता. भोंग्याचं तोंड उघडं होतं. झाड पडताना माणसांना पळवायची आरोळी त्याला येत होती, धनेशाला जवळ बोलवायची हाक येत होती. पक्ष्याला जा म्हणायची हाक तो कधी शिकलाच नव्हता.