हार्लन सांगेल तिथे रंग

गुरुवार, २३ ऑक्टोबर २००३. आभाळ स्वच्छ, वाऱ्याला धार. रात्रभर भिजवलेला घेवडा मंद आचेवर चढवला. हार्लनने दोन अंडी खाल्ली. पानांचा रंग कुठे आहे हे विचारायला सकाळपासून तीन फोन. तिन्ही वेळा मीच उत्तर दिले. मिरच्यांची झाडे अजून बाहेरच आहेत.

ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेने लोरेनाला लावलेली रोजनिशीची ही सवय चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. अर्धे पान न्याहारीनंतर, अर्धे झोपण्याआधी. त्या दिवशी ती पेनाला टोपण लावून उठली, तेव्हा अंगणात ट्रक नव्हता. खुंटीवर हार्लनचा कोटही नव्हता.

हार्लन तिचा थोरला भाऊ. डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या पार्कवे रस्त्याच्या कडेचे गवत कापण्यात आणि दरडी उपसण्यात त्याचा जन्म गेला. अ‍ॅशव्हिलभोवतीच्या डोंगरांत शरदाचा रंग आधी माथ्यावर चढतो आणि मग महिनाभर एकेक पायरी उतरत गावात येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण आज तो नेमका कोणत्या पायरीवर आहे, हे हार्लनला विचारायचे. तो मागच्या ओसरीत उभा राहून डोंगराकडे बघायचा, कान खाजवायचा आणि जागा सांगायचा. वर्तमानपत्राने एकदा त्याच्यापेक्षा वेगळी जागा छापली, तेव्हा चर्चमधले लोक वर्तमानपत्रालाच हसले होते. लग्न झाले तेव्हा ओपलने, त्याच्या बायकोने, सगळ्यांना सांगितले होते, "मी माणसाशी नाही, डोंगराशी लग्न केलंय. माणूस रविवारी येतो जेवायला."

ओपलला जाऊन सहा वर्षे झाली. तिच्यामागे हार्लनच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळू लागली, म्हणून लोरेना त्याच्या घरी राहायला आली. ट्रकच्या किल्ल्या तिने घड्याळामागे लपवल्या होत्या. त्या तिथे नव्हत्या.

तिने त्याच्या मुलाला, वेडला, फोन केला आणि नंतर जंगलाच्या रेंजरांना. कुठे शोधायचे, असे रेंजरने विचारताच ती बेधडक म्हणाली, रंग असेल तिथे असेल तो, दुसरीकडे जायचाच नाही. आज रंग पिस्गा डोंगराच्या खालच्या उतारावर होता. सगळे तिकडे निघाले. वेड येताच ती त्याच्या गाडीत बसली. शेगडीवर घेवडा आहे हे तिच्या गावीही नव्हते.

त्या उतारावर सारा देश लोटला होता. दर वळणावर गाड्या थबकत होत्या, काचा खाली होत होत्या, लोक मेपलखाली मुलांना उभे करून फोटो काढत होते. डोंगर नुसता पेटला होता आणि लोरेनाला त्या लाल-केशरी पसाऱ्याची किळस आली. प्रत्येक थांब्यावर ती उतरायची, निळा ट्रक आणि खाकी कोटातला उंच म्हातारा पाहिला का, म्हणून विचारायची. एका बाईने तिच्याच हातात कॅमेरा दिला आणि आमचा एक काढाल का, म्हणाली. लोरेनाने तो काढून दिला. नाही म्हणायचे तिला सुचलेच नाही.

दुपार उतरली. वेडचे तोंड सुटले. किल्ल्या लपवायला घड्याळच सापडलं का, असे त्याने दोनदा विचारले. पुढे म्हणाला, "शार्लटला त्या वृद्धाश्रमात खोली मिळत होती, आत्या. तूच मोडता घातलास. म्हणालीस, डोंगर दिसला नाही तर तो मरेल. आता रात्री दव गोठेल तेव्हा काय होईल?"

 तिच्या ओठांत मरीयामातेची प्रार्थना चालू होती, आणि तिचे शब्दही अर्ध्यावर निसटत होते. हार्लन सकाळी कसा होता, काय बोलला, हे ती पुन्हा पुन्हा आठवू पाहत होती. घेवडा निथळताना तो मागे येऊन उभा राहिला होता. केक अजून का केला नाहीस, असे त्याने विचारले होते. "करते हं," ती न बघताच म्हणाली होती. रोज तो काही ना काही विचारायचाच.

केक म्हणजे थरांचा. पातळ पोळ्यांमध्ये वाळवलेल्या सफरचंदांचा शिजवलेला गर भरायचा आणि दोन दिवस झाकून मुरू द्यायचा. त्या घरात तो एकाच दिवसासाठी व्हायचा, ओपलच्या वाढदिवसाला. आणि ओपलचा वाढदिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

"वेड, वर घे गाडी. त्या पठारावर, ग्रेव्हयार्ड फील्ड्सला."

"तिथं काय आहे आता? वर तर झाडं केव्हाच उघडी पडली."

"त्याच्या लेखी नाही पडली. त्याचा ऑक्टोबर आत्ता लागलाय. तो तिला वाढदिवसाला माथ्यावर न्यायचा, पहिला रंग दाखवायला. मीच सगळ्यांना चुकीच्या डोंगरावर पाठवलं रे."

वेडने रांगेतून गाडी बाहेर काढली. पिस्गा ओलांडल्यावर रस्ता ओसाड झाला. वर ना पान होते ना माणूस. वळणावळणाला थंडी वाढत होती, ऊन कड्यांवरून सरकत चालले होते, आणि आपण पुन्हा चुकलो असू तर, हा एकच विचार लोरेनाला सोडत नव्हता. आता तिसरी जागा शोधायला उजेड उरणार नव्हता.

ट्रक तिथे होता. दार उघडे, आत कोणी नाही. दोघे हाका मारत खाली पठारावर उतरले. ब्लूबेरीची झुडपे नुसत्या काटक्या होऊन उभी होती. लोरेना दोनदा घसरली. दुसऱ्यांदा वेडने तिला उचलले आणि मग हात सोडलाच नाही.

हार्लन ओढ्याकाठच्या दगडावर बसला होता. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, ओठ निळे. कोट त्याने शेजारच्या दगडावर घडी करून ठेवला होता, कोणाला तरी बसायला.

"लोरेना, रंग आलाच नाही गं यंदा," तो म्हणाला. "लोकांना काय सांगू मी?"

"येईल. चल घरी."

"ओपल पुढं गेलीय बघायला. ती आल्याशिवाय कसा येऊ?"

वेडने त्याला काखेत धरून उठवायला पाहिले. एक्क्याऐंशीचा म्हातारा, पण दगडासारखा घट्ट बसला. मुलाला त्याने परक्यासारखे ढकलले आणि ओपलला हाक मारली. ती हाक पठारावरून जाऊन तशीच परत आली. वेडने तोंड फिरवले.

लोरेना चिखलात गुडघ्यांवर बसली. त्याचे गारठलेले हात तिने आपल्या हातांत घेतले.

"हार्लन, केक राहिलाय. दोन दिवस मुरायला नकोत का त्याला? आज फोडी भिजल्या नाहीत तर वाढदिवसाला काय ठेवशील तिच्यापुढं?"



"तू विसरलीस होय?" तो म्हणाला. "तुझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं."

"नसतं खरं."

मग तो उठला. कोट मात्र त्याने दगडावरच राहू दिला, ओपलला थंडी वाजेल म्हणून. तो घ्यायला दोघांपैकी कोणी मागे वळले नाही.

घरी शेजारणीने धूर पाहून शेगडी बंद केली होती. डॉक्टर येऊन गेले. छातीत सर्दी उतरेल, म्हणाले, जपा. वेडने स्वयंपाकघरातूनच शार्लटच्या वृद्धाश्रमाला फोन लावला आणि हार्लनला न्यायला सोमवार ठरवला. लोरेनाने या खेपेला मोडता घातला नाही. पलीकडच्या खोलीतून हार्लन विचारत होता, ओपल पोचली का.

झोपण्याआधी तिने पानाचा उरलेला अर्धा भाग भरला. शेवटी लिहिले: घेवडा करपला, भांडे राखेने घासून ठेवले. सफरचंदाच्या फोडी भिजत घातल्या.