घोषणाबाईंचा घसा आणि घड्याळकाकांचं दूध

बस डेपोतल्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारणं, हे घोषणाबाईंचं काम. ऐन तरुणपणी त्या खोलीत शिरल्या, त्या आता केस पिकायला लागले तरी तिथेच होत्या. आवाज असा खणखणीत, की पार टोकाच्या बाकावर पेंगणारा माणूस आपली गाडी पुकारली की अर्धवट झोपेतच पिशवी उचलून उभा राहायचा. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ‘कर्णाबाई’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती. कर्ण्याला निदान बंद करायचं बटण तरी असतं. बाईंना तेही नव्हतं.

घरी आल्या की चपला काढता काढताच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. कुठली गाडी रखडली, कोण भलत्याच गाडीत चढून बसलं, कुणाची छत्री कुणी नेली आणि मग किती आरडाओरडा झाला. त्यांचे यजमान कोपऱ्यावरच्या टपरीवजा दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची. काका ऐकायचे आणि ‘हं’ म्हणायचे. आश्चर्याचा ‘हं’ वेगळा, सहानुभूतीचा वेगळा, आणि झोप आल्याचा आणखी वेगळा. इतक्या वर्षांच्या संसारात काकांची बोलण्याची मजल या ‘हं’च्या फारशी पुढे गेली नव्हती.

“अहो, तुम्ही माणूस आहात की भिंत?” बाई कधीकधी वैतागून विचारायच्या, आणि काकांनी तोंड उघडायच्या आत पुढच्या गाडीची गोष्ट सुरू झालेली असायची.

एकदा डेपोसमोरचा रस्ता खोदून ठेवला आणि सगळ्या गाड्यांच्या जागा बदलल्या. बाईंना आधीच सर्दी झालेली. तरी सकाळपासून त्या ओरडत राहिल्या. याला इकडे पाठव, त्याला तिकडे वळव. संध्याकाळी शेवटच्या काही गाड्या उरल्या असताना त्यांनी माइकजवळ तोंड नेलं आणि बाहेर पडली ती नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. कर्णा बिघडला असं समजून वायरमन शिडी घेऊन खांबावर चढला आणि बराच वेळ तारा चाचपत बसला. खालून बाई हातवारे करत होत्या, आणि तो वरून ओरडत होता, “बाई, नुसते हात काय हलवता, बोलून दाखवा ना!”

दुसऱ्या दिवशी काका आणि वन्सं, म्हणजे काकांची थोरली बहीण, बाईंना घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. वन्सं खालच्याच मजल्यावर राहायच्या आणि कुणाच्याही आजारपणात पहिल्यांदा हजर व्हायच्या. डॉक्टरीणबाईंनी बारीक नळी घालून घसा नीट तपासला.

“आवाजाच्या पट्ट्या चांगल्याच सुजल्यात,” त्या म्हणाल्या. “गोळ्या देते. पण खरं औषध म्हणजे मौन. महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घशावर उलट जास्त ताण येतो.”

बाईंनी काकांकडे असं पाहिलं, की जणू त्यांना जन्मठेप झाली होती.

“आणि हळदीचं मसाला दूध दिलं तर?” वन्संनी विचारलं.

“द्या की. कोमट प्यायलं की घशाला बरं वाटतं, झोपही छान लागते. पण दुधावर विसंबून बोलायला लागू नका. आवाज आणणार ते मौनच.”

एवढ्या सगळ्यातलं वन्संनी ‘द्या की’ तेवढं ऐकलं. घरी येईपर्यंत त्यांनी भावाला दुधाचे गुण ऐकवले. हळदीने सूज उतरते, मिऱ्यामुळे हळद अंगी लागते, सुंठीने कफ सुटतो, वेलदोड्याने पोट हलकं राहतं, जायफळाने गाढ झोप लागते, केशराने रंग उजळतो.

“ताई, घशाचं बोल,” काका म्हणाले. “रंग उजळून डेपोत काय करायचंय?”

बाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. हे कुठून आलं?

दूध कोण करणार, यावर चर्चा झाली नाही. वन्संनी हुकूमच काढला. “तू करायचंस. हिला दूध आवडत नाही मुळीच. हिच्या हातात दिलंस तर सगळं मोरीत जाईल.” बाईंनी तोंड उघडलं, मग आठवण होऊन मिटलं. आरोप शंभर टक्के खरा होता. लहानपणापासून दुधावरची साय ओठाला लागली की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

काकांनी तोवर स्वयंपाकघरात पाण्याचा पेला सोडून कशाला हात लावला नव्हता. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मोठ्या आचेवर पातेलं ठेवलं आणि दूध बुडाला लागून करपलं. दुसऱ्या दिवशी सुंठ सापडेना, म्हणून त्यांनी उकळत्या दुधात ओलं आलं किसून टाकलं. दूध फाटलं. काका फाटलेल्या दुधाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे प्यायचं नसतं ना?” बाईंनी दोनदा टाळी वाजवली. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं त्यांचं ठरलं होतं.

मग मात्र काका इरेला पेटले. वन्संना खालून बोलावून त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं आणि पुढच्या संध्याकाळी दुकानातला बारीक चिमटा खिशात घालूनच घरी आले. आधी पातेल्यात घोटभर पाणी फिरवलं, म्हणजे दूध बुडाला धरत नाही. आच मंद. हळद एकदम टाकली की तिच्या गुठळ्या होतात, म्हणून वाटीत थोड्या दुधात कालवून घेतली आणि मग सोडली. मिरी पूड न करता नुसती ठेचली. चिमूटभर सुंठ. हळदीचा कच्चा वास जाईपर्यंत दूध उकळू द्यायचं आणि ढवळत राहायचं. गॅस बंद केल्यावर जायफळ किसणीवर जेमतेम घासायचं, कारण हात सैल सुटला तर दोघंही सकाळी उन्हं वर आली तरी घोरत पडाल, असं वन्संनी बजावलं होतं. वेलदोड्याची पूड सगळ्यात शेवटी, नाहीतर वास उडून जातो. केशराच्या काड्या त्यांनी चिमट्याने उचलून एकेक करून दुधात सोडल्या, घड्याळात स्क्रू बसवावेत तशा. मग गाळणीतून गाळून, सायीचा कण दिसणार नाही याची खात्री करून, साखर घालून पेला बाईंसमोर ठेवला.

बाईंनी नाक मुरडत एक घोट घेतला. मग दुसरा. घशातून काहीतरी उबदार, मऊ खाली उतरत गेलं. त्यांनी एक टाळी वाजवली.

आता, दूध ढवळायचं म्हणजे माणसाला एका जागी उभं राहावं लागतं. हात कामात, डोळे पातेल्यात, आणि तोंड रिकामं. घरात तर चिडीचूप. अशा वेळी काकांच्या तोंडून आधी एखादं वाक्य निसटलं, मग दोन, आणि काही दिवसांत तर ते चमचा हातात घेतला की सुरूच व्हायचे.

“एक गृहस्थ दर महिन्याला गजराचं घड्याळ घेऊन येतात,” ते पातेल्याकडे पाहत म्हणायचे. “म्हणतात, वाजत नाही. मी त्यांच्यासमोर वाजवून दाखवतो. म्हणतात, आता वाजतंय, सकाळी नाही वाजत. काल त्यांची बायको आली. म्हणाली, काका, घड्याळ राहू द्या, यांनाच उघडून बघा कुठे काही अडकलंय का.”

बाई हसायच्या. आवाज काढायची चोरी, म्हणून खांदे गदगदायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि पोट धरून त्या खुर्चीवर वाकायच्या. ते पाहून काकांना आणखी चेव यायचा. ते त्या गृहस्थांची नक्कल करायचे, त्यांच्या बायकोचीही. बाईंना वाटायचं, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे? दूध पिताना त्या आता मुद्दाम लहान लहान घोट घ्यायच्या, म्हणजे गोष्ट लवकर संपू नये.

महिना संपत आला होता. एका सकाळी घरात एकट्याच असताना बाईंच्या पायाची करंगळी टेबलाच्या पायावर आपटली आणि “आई गं!” असा स्वच्छ, मोकळा आवाज त्यांच्या तोंडून बाहेर पडला. कळ विसरून त्या स्तब्ध झाल्या. हळूच म्हणाल्या, “गाडी सुटण्यास तयार आहे.” आवाज थोडा जाड झाला होता, पण होता!

तशाच चपला अडकवून त्या दुकानाकडे निघाल्या. काका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळावर वाकले होते. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. आणि त्यांना आठवलं, की दोन्ही हातांत घड्याळं घालणाऱ्या माणसाची गोष्ट काल अर्धीच राहिली होती. आता आपण बोललो की संध्याकाळी काय होणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांच्याकडे महिनाभराचं बोलणं साठलं होतं. ते सगळं धो धो वाहणार आणि काका पुन्हा ‘हं’वर जाऊन बसणार. बाईंनी तोंड मिटलं. काकांनी मान वर केली, “काय गं, काही हवंय?” बाईंनी दोन टाळ्या वाजवल्या आणि घराकडे वळल्या. तसाही डॉक्टरीणबाईंचा महिना अजून पुरता भरला नव्हता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण चोरटं वाटत होतं ते वाटतच होतं.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या संध्याकाळी काका नेहमीसारखे पातेल्यापाशी उभे राहिले आणि जरा थांबून म्हणाले, “तुला डेपोतलं ते मोठं घड्याळ आठवतं? तुझ्या खोलीच्या अगदी समोरचं?”

एक टाळी.

“मी तेव्हा नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. त्या घड्याळाची देखभाल माझ्याकडे होती. आणि तुला गंमत सांगू? ते घड्याळ कधी बिघडलंच नाही.”

बोलता बोलता काका बाईंकडे वळले. चमचा हातातच राहिला. त्यांच्या मागे दूध कडेने चढायला लागलं.

“तरी मी दर आठवड्याला शिडी लावायचो. काच पुसायचो, काटे उगाच हलवून परत जागेवर आणायचो. वर उभं राहिलं की तुझी खोली समोर दिसायची. तू गाड्या पुकारायचीस आणि मी...”

दूध काठापर्यंत आलं होतं. बाईंचा जीव टांगणीला लागला. बोट दाखवलं तर काकांना वाटलं, त्या चमचा मागताहेत. त्यांनी तो पुढे केला. टाळ्या वाजवल्या तर त्यांना वाटलं, पुढचं ऐकायचं नाही. त्यांचा चेहरा पडला.

“अहो, दूऽऽध!”

डेपोच्या त्या टोकापर्यंत जाईल असा आवाज होता. काका दचकले, वळले, गॅस बंद करायला धावले. निम्मं दूध तोवर शेगडीवर पसरलं होतं आणि करपलेल्या हळदीचा वास सुटला होता.

“आवाज आला तुझा!” काका म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. “आत्ता आला?”

बाईंना ‘हो’ म्हणता आलं असतं. “परवापासून,” त्या म्हणाल्या.

काका फडक्याने शेगडी पुसायला लागले.

“म्हणजे मी इकडे वेड्यासारखा बडबडतोय आणि तू...”

“म्हणूनच नाही सांगितलं! मी बोलायला लागले की तुम्ही बोलायचे थांबता.”

“मी थांबत नाही गं,” काका फडकं पिळत शांतपणे म्हणाले. “मधे शिरायला जागाच मिळत नाही.”

बाईंच्या जिव्हारी लागलं आणि हसूही आलं. त्या खुर्ची ओढून शेगडीजवळ बसल्या आणि दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले. भुवयांनीच विचारलं, पुढे?

“पुढे काय, एवढंच. मग मी तुझ्या मावशीला गाठलं आणि म्हटलं, माझं स्थळ सुचवा.”

तळहात गळून पडले. “काय? मावशी तर म्हणाली होती की तिनेच तुम्हाला शोधून काढलं! आणि अहो, मी त्या वेळी साहेबांना सांगितलं होतं, हा घड्याळवाला बदला म्हणून. दर आठवड्याला शिडीवर चढतो आणि एक घड्याळ धड दुरुस्त करता येत नाही!”

काका इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

तेवढ्यात जिना चढून धापा टाकत वन्सं दारात उभ्या राहिल्या. “ऐकला! खालपर्यंत ऐकला! म्हटलं नव्हतं मी, दुधानेच आवाज येणार म्हणून?”

“दुधानेच आला, वन्सं,” बाई म्हणाल्या, “पण उतू गेल्यावर.”

डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला आणि सूज उतरली असं सांगितलं. दिवसभर पुकारल्यावर घरी थोडा वेळ घशाला विश्रांती द्यायची, मधून मधून पाणी प्यायचं, आणि दूध आवडत असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. बाई पुन्हा काचेच्या खोलीत बसल्या. आवाज जरा खर्जात गेला होता. पहिल्या दिवशी काही प्रवाशांना वाटलं, नवीन बाई आल्या. एक म्हातारे गृहस्थ खिडकीपाशी येऊन म्हणाले, “आधीच्या बाईंना सांगा, आम्ही आठवण काढली.” बाईंनी सांगते म्हटलं.

घरी नियम ठरला, दूध शेगडीवरून उतरेपर्यंत बाईंनी बोलायचं नाही. पहिले काही दिवस तो काटेकोर पाळला गेला. मग कुणीतरी डेपोत बकरी घेऊन गाडीत चढलं आणि बाईंच्याने राहवलं नाही. पण त्यांनी गोष्ट सांगितली आणि मधेच थांबून विचारलं, “तुम्ही काय केलं असतं हो?” काकांनी सांगितलं. चांगलं ऐसपैस सांगितलं.

पुढे एकदा वन्सं आपला पेला घेऊन वर आल्या. दार उघडंच होतं. भाऊ चमचा हलवत कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं सांगत होता, बाई त्याच वेळी गाड्यांचं सांगत होत्या, आणि दोघंही एकमेकांना बरोबर उत्तरं देत होते. कुणी श्वास घेईल तर आपण बोलू, म्हणून वन्सं दारात थोडा वेळ थांबल्या. कुणी घेईना. शेवटी त्यांनी स्वतःच आत जाऊन गॅस बंद केला, गाळणी काढली, आणि आपला पेला काठोकाठ भरून घेतला.