पोटावरचं दूध

बी.एस्सी.ला असताना प्राणिशास्त्राच्या पेपरात मी लिहिलं होतं - "प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रं नसतात, त्यामुळे तिची पिल्लं उपाशी राहून लवकर स्वावलंबी होतात." सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मी मान ताठ करून ऐकत होते... वाटलं, कौतुक चाललंय! अशी मी हुशार. त्या मादीचं दूध पोटाच्या कातडीतून घामासारखं झिरपतं आणि पिल्लं ते चाटतात, हे मला सुनेने शिकवलं, मी आजी झाल्यावर.

नजर लागणं, अंगात येणं - यावर मी जन्मभर हसत आले. तरी हे लिहिते आहे.

आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावचे, खत-बियाण्याचं दुकान आहे. सून शीतल एम.एस्सी. करते. मागचं वर्ष बाळंतपणात गेलं. यंदा वर्ध्याला पेपर होता, पिशवीवाल्या आणि अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यांचाच. हा गेला की आणखी एक वर्ष पाण्यात. चार महिन्यांच्या छकुलीसाठी तिने बाटलीत दूध काढून ठेवलं.

"आई, नाईच पिली तं कॉलेजच्या ऑफिसात फोन करजा. मी पेपर सोडून येतो."

"तू जाय वं. दोन पोरं वाढवली मी. हे वीतभर पोरगी काय मले हरवते?"

हरवलं. बाटली नाही, वाटी-चमचा नाही. अकरा वाजून गेले, रडून रडून तिचा आवाज बसला. दोनदा ऑफिसचा नंबर लावला, दोनदा कापला. शेवटी कूलरसमोर आडवी झाले, तिला पोटावर पालथं घेतलं आणि उशाशी पडलेल्या शीतलच्या नोट्स मोठ्याने वाचू लागले. काहीतरी बोलत राहायचं म्हणून. प्लॅटिपसचंच पान निघालं.

छकुली गप्प झाली. पोलक्याखालच्या उघड्या कातडीला तिची जीभ लागत होती... गुदगुल्या झाल्या. मग घोट गिळल्याचा आवाज. घड्याळात साडेअकरा. तिने मोठी ढेकर दिली आणि झोपली.

पोट ओलं होतं. पांढुरकं, चिकट. बोट नाकाशी नेलं - दूध. बाटली टेबलावर झाकण लावलेली, भरलेली. आणि माझं वय अडुसष्ट.

डॉक्टर नंतर म्हणाले, "आजी, घाम असेल." घामाने लेकरू ढेकर देतं का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

दुपारी शीतल आली. छकुली अजून झोपलेलीच. मी एक शब्द बोलले नव्हते. चपला काढता काढता तीच म्हणाली,

"आई, छाती अशी भरून आलती, मी पेपर टाकून उठूनच राह्यली होती. साडेअकराले एकदम हलकी झाली, अन् ब्लाउज तं कोरडा. मले वाटलं, पिली आपली पोरगी. मंग बसली लिहत."